प्रवासाचे कार्ड आणि घरची वही

वाचकहो, अलीकडे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक पाहुणा वारंवार येत असेल. कधी तो दूरध्वनीवरून येतो, कधी मोबाईलवरच्या संदेशातून, तर कधी विमानतळावर हसतमुख तरुणाच्या रूपाने वाटेत उभा राहतो. "आपल्यासाठी एक खास कार्ड मंजूर झाले आहे," असे तो सांगतो. आपण अर्ज केलेला नसतो. परंतु 'मंजूर' हा शब्दच असा आहे की, तो कानी पडताच परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासारखे वाटते. या पाहुण्याला घरात घ्यावे की दारातूनच नमस्कार करून निरोप द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी त्याला घरात घेतले होते. त्याच्या पाहुणचाराला काय खर्च आला, तो रुपयांत किती आणि रुपयांपलीकडे किती, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

मी भोपाळला राहते. राज्य शासनाच्या एका कार्यालयात लेखा शाखेत तेहतीस वर्षे काढून २०२२ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधण्यात माझा सारा जन्म गेला. आमच्या घरात जमाखर्चाची वही आहे. सासूबाईंनी घातलेला पायंडा मी आजवर मोडलेला नाही. दूध, किराणा, औषधे, लग्नकार्यातले आहेर, सारे तारीखवार लिहिलेले असते. अशा बाईने कार्डाच्या बाबतीत फसावे याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटते. पण फसवले कोणीच नव्हते. सगळे नियम छापलेले होते आणि बेरीज चुकली ती माझी.

निवृत्तीची रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवली, तेव्हा तेथील तरुण अधिकाऱ्याने अतिशय आदराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक जाड, गुळगुळीत पुस्तिका पुढे केली. प्रवासासाठी खास काढलेले ते कार्ड होते. त्याचे वार्षिक शुल्क १२,५०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २,२५० रुपये. एकूण १४,७५०. रक्कम ऐकून मी पुस्तिका मिटवली. तो म्हणाला, "बाई, हे शुल्क नव्हेच. तितकेच, म्हणजे साडेबारा हजार पॉइंट बँक तुम्हांला परत देते. पुढे दर दीडशे रुपयांच्या खर्चामागे पाच पॉइंट. ते विमान कंपनीच्या मैलांत बदलून घ्यायचे. शिवाय विमानतळावर लाउंजमध्ये बसायला मिळेल."

लाउंजचे मला विशेष नव्हते. माझे मन दुसरीकडेच गेले होते. माझी थोरली बहीण बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये, आपल्या मुलाकडे असते. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हा ग्वाल्हेरच्या घरात माझी वेणीफणी करण्यापासून शाळेत पोहोचवण्यापर्यंत सारे तिनेच केले. नोकरीच्या वर्षांत तिच्याकडे जाणे फार थोड्या वेळा झाले. निवृत्त झाले की दर वर्षी येईन, असे मी तिला वचन दिले होते. पुस्तिकेवर ढगांतून जाणाऱ्या विमानाचे चित्र होते. त्या विमानातून मी आणि हे ताईकडे फुकट चाललो आहोत, असे मला दिसले. मी सही केली.

येथे थोडे थांबून एक जुनी हकीगत सांगते. मला ती पुढे कळली, आधी कळली असती तर बरे झाले असते. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. त्याची वार्षिक वर्गणी पुढे पाच डॉलर होती. १ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने आपले कार्ड बाजारात आणले आणि वर्गणी ठेवली सहा डॉलर. नवा दुकानदार सहसा दर उतरवून गिऱ्हाईक ओढतो. येथे उलट झाले. एक डॉलर जास्त घेतला तो लोकांना हे कार्ड वरच्या दर्जाचे वाटावे म्हणून. त्या एका डॉलरात या साऱ्या व्यापाराचे मर्म आहे. शुल्क हा येथे नुसता मालाचा दर नसतो, काही अंशी शुल्क हाच माल असतो. महाग आहे म्हणून ते हवेसे वाटते. मी लेखा शाखेतली बाई, पण बँकेतून बाहेर पडताना माझीही मान थोडी ताठ झाली होती, हे कबूल केले पाहिजे.

ही २०२२ च्या ऑक्टोबरची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. भोपाळहून बंगळूरचे विमानाचे तिकीट तेव्हा माणशी सुमारे सव्वासात हजारांना मिळत होते. दोघांचे जाणे-येणे धरून २९,००० रुपये. हे म्हणाले, "पैसे आहेत, ताईंना बरे वाटेल, जाऊन येऊ." मी म्हटले, "आता कार्ड घेतलेच आहे, तर थोडे थांबू. तीस हजार मैल झाले की दोघांची तिकिटे फुकट होतील. आत्ताच साडेबारा हजार जमा आहेत." हे गप्प राहिले. घरचा हिशेब माझ्याकडे असतो.

त्यानंतर जे वर्ष गेले, ते मी कसे काढले हे आठवले की हसू येते आणि वाईटही वाटते. पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रोख पैसे देऊन सामान आणीत असे. आता तो कार्ड घेत नाही म्हणून मी मोठ्या दुकानात जाऊ लागले, तेथे गेल्यावर चार वस्तू जास्त घेऊ लागले. घरातला मिक्सर चालत असताना नवा आणला, कारण त्या महिन्यात खर्चावर जादा पॉइंट होते. दर महिन्याला पॉइंट मोजायचे आणि ताईचा फोन आला की सांगायचे, "अगं, आता थोडेच राहिलेत."

ताई विचारी, "केव्हा येतेस?" मी पॉइंटांची गोष्ट सांगे. ती ऐकून घेई आणि पुन्हा विचारी, "बरं, मग केव्हा येतेस?" एकाच बोलण्यात तीन-तीनदा. मला वाटे, थोरल्या बहिणीचा आग्रह आहे. कधी कधी मी किंचित चिडतही असे. तिला पहिले उत्तर आठवत नव्हते म्हणून ती पुन्हा विचारीत होती, हे माझ्या ध्यानी आले नाही.

वर्ष संपले तेव्हा वहीत पाहिले. कार्डावर आमचा खर्च सुमारे तीन लाख झाला होता. दर दीडशेला पाच या दराने दहा हजार पॉइंट यावयास हवे होते, आले सहा हजार. कारण विम्याचा हप्ता, पेट्रोल, सरकारी भरणा आणि घरभाडे अशा खर्चांवर त्या कार्डाचे पॉइंट नव्हतेच. यांतले बरेचसे खर्च आमचे होते. पॉइंट मिळणारा खर्च होता एक लाख ऐंशी हजारांचा. अशा रीतीने माझ्या खात्यात साडेबारा आणि सहा मिळून १८,५०० पॉइंट झाले होते. तीस हजारांना साडेअकरा हजार कमी. इतक्यात दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची वेळ आली. ते भरले की आणखी साडेबारा हजार मिळणार होते. मी भरले. आता ३१,००० पॉइंट झाले. दोघांची तिकिटे झाली! मी आनंदाने संगणक उघडला. पाहते तो एका पॉइंटास एक मैल हा दर जाऊन दोन पॉइंटांस एक मैल असा झालेला. माझ्या एकतीस हजारांचे साडेपंधरा हजार मैल झाले होते.

सूचना दिली नव्हती असे नाही. महिनाभर आधी ई-मेल आला होता. रोज येणाऱ्या जाहिरातींच्या ढिगात तो पडून होता आणि मी तो उघडलाच नव्हता.

वाचकहो, हे माझ्याच नशिबी आले असे समजू नका. त्या सुमारास या कार्डांच्या जगात अशी पुष्कळ उलथापालथ झाली. माझे कार्ड त्या बँकेचे नव्हते, पण सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण सांगते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे वार्षिक शुल्क १ सप्टेंबर २०२३ पासून दहा हजारांवरून साडेबारा हजार झाले, शुल्कमाफीसाठी लागणारा वर्षाचा खर्च पंधरा लाखांवरून पंचवीस लाखांवर गेला आणि महिन्याला लाखभर खर्च केल्यास मिळणारे पंचवीस हजार पॉइंट बंद झाले. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर लाउंजच्या सवलतीसाठी आधीच्या तिमाहीत पस्तीस हजारांच्या खर्चाची अट घातली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनीच एअर इंडियात विलीन झाली. तिच्या प्रवाशांचे पॉइंट नव्या योजनेत वर्ग झाले खरे, पण ज्या नावावर लोकांनी कार्डे घेतली होती ते नाव आकाशातून नाहीसे झाले. यात कोणी कायदा मोडला नाही. पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. बँकेतल्या ठेवीवर आपला हक्क असतो. पॉइंटाचे मोल मात्र देणारा ठरवतो, आणि ते तो पुढेही बदलू शकतो.

त्याच नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला. "मावशी, आईला आता माणसं ओळखू येईनाशी झालीत. जमेल तेवढं लवकर ये." दुसऱ्या दिवशीच्या विमानाचे दर दुपटीवर गेले होते. मैलांवरची तिकिटे त्या तारखांना शिल्लकच नव्हती. ह्यांनी स्टेशनवर जाऊन कर्नाटक एक्स्प्रेसची तत्काळमधली दोन तिकिटे आणली. एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढून आम्ही बंगळूरला पोहोचलो.

ताई गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसली होती. प्रकृतीने ठीक दिसत होती, केस नीट विंचरलेले होते. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. मग तिचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "आई, तू एकटीच आलीस? धाकटीला कुठे ठेवलंस?"

धाकटी म्हणजे मी. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटले, "ती येते आहे मागून." त्याहून दुसरे काय बोलणार? आठ दिवस राहिलो. त्यांत दोनदा तिने मला नावाने हाक मारली. एकदा सकाळी चहा घेताना आणि एकदा मी तिची वेणी घालीत असताना. मागच्या दिवाळीला ती मला ओळखत होती. त्या दिवाळीला आम्ही गेलो नाही, कारण साडेसतरा हजार पॉइंट कमी होते.

भोपाळला परतल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही की, वही काढून कार्डाचे पान मांडले. दोन वर्षांचे शुल्क जीएसटीसह २९,५०० रुपये. आपल्या लक्षात आले असेल. मला ते तेव्हा प्रथम आले. ज्या दोन तिकिटांसाठी मी वर्षभर थांबले, त्यांची किंमत होती २९,०००. फुकटच्या तिकिटांची वाट पाहत मी त्यांची पुरी किंमत आणि वर पाचशे रुपये बँकेला देऊन बसले होते, आणि तिकिटे मात्र हाती नव्हती. उरलेले पॉइंट मी बिलात वळते करून घेतले. तेथे एका पॉइंटाचे मोल तीस पैसे. एकतीस हजारांचे ९,३०० रुपये आले. लाउंजमध्ये दोघे मिळून दोनदा बसलो होतो, तिथला उपमा बरा होता. बाकी २०,२०० रुपये खर्ची पडले.

मग मी पुन्हा लेखा शाखेतली बाई झाले. अशा कार्डांची तुलना कशी करावी, हे मी पुस्तिका दूर सारून वहीवरून शिकले. ते आपणांपुढे मांडते. आकडे समजुतीसाठी गोल घेतले आहेत. आपल्या घरचे आकडे आपण घालून पाहावेत.

समजा, तीन कार्डे पुढे आहेत आणि पॉइंट मिळू शकतील असा घरचा वार्षिक खर्च एक लाख ऐंशी हजार आहे. पहिल्या कार्डाचे शुल्क हजार रुपये, करासह १,१८०. खर्चाच्या एक टक्का रक्कम सरळ बिलातून वजा होते. १,८०० मिळाले, १,१८० गेले, ६२० उरले. दुसऱ्याचे शुल्क पाच हजार, करासह ५,९००. वर्षाला अडीच हजार पॉइंटांची भेट आणि दर शंभराला दोन पॉइंट. एकूण ६,१०० पॉइंट. प्रवासासाठी वापरून प्रत्येकी एक रुपया मिळाला, तर २०० रुपये फायदा. तीस पैशांनी सोडावे लागले, तर ४,०७० रुपये तोटा. तिसरे माझ्यासारखे, करासह १४,७५०. त्यावर एकूण १८,५०० पॉइंट. रुपयाला एक धरला तर ३,७५० फायदा, तीस पैशांनी ९,२०० तोटा.

आता या तीन ओळी पुन्हा वाचा. सर्वांत मोठा फायदा तिसऱ्या कार्डाचा, हे पुस्तिका खरेच सांगते. सर्वांत मोठा तोटाही त्याचाच, हे ती सांगत नाही. पहिल्या कार्डाचा फायदा लहान, पण तो कोणाच्या मर्जीवर नाही. मोठ्या शुल्काचे कार्ड घेणे म्हणजे वर्षभराच्या प्रवासाचे पैसे आगाऊ भरण्यासारखे आहे. प्रवास ठरलेला असेल, तर आगाऊ भरणे शहाणपणाचे ठरू शकते. प्रवास ठरलेला नसेल, तर आपण प्रवासाच्या आशेला वर्गणी देतो.

म्हणून तुलना कार्डाची कार्डाशी करण्याआधी कार्डाची आपल्या मागच्या वर्षाशी करावी. मागच्या बारा महिन्यांत आपण किती वेळा विमानात बसलो? लाउंज नसता तर तेथे खाण्यावर किती खर्च केला असता? शंभर रुपयांचा चहा आपण घेतला असता, तर लाउंजचे मोल शंभर रुपये धरावे. पुस्तिकेत त्याची किंमत दोन हजार लिहिली असली तरी ती आपल्या जमेच्या बाजूला येत नाही. जी वस्तू आपण विकत घेतलीच नसती, ती फुकट मिळाल्याने बचत होत नाही. शुल्कमाफीची अटही याच कसोटीला लावावी. खर्च आपोआप तेवढा होत असेल तर उत्तम, परंतु माफी मिळावी म्हणून पन्नास हजारांची खरेदी करणे म्हणजे छत्री वाचवण्यासाठी घर गहाण टाकण्यासारखे आहे.

तथापि, एकाच बाजूने बोलणे न्यायाचे होणार नाही. आमचे चिरंजीव पुण्याला असतात. कामानिमित्त त्यांना महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जावे लागते आणि वर्षातून एकदा परदेशी. त्यांच्याकडेही असेच भारी शुल्काचे कार्ड आहे. सूनबाईंबरोबर बसून त्यांचा हिशेब पाहिला, तो खराच फायद्याचा निघाला. परदेशात कार्ड वापरले की बँक चलनबदलीचा अधिभार घेते. साध्या कार्डावर तो बहुधा साडेतीन टक्के असतो, काही भारी कार्डांवर दोन टक्के. दोन लाखांच्या परदेशी खर्चावर पहिल्या दराने जीएसटीसह ८,२६० रुपये जातात, दुसऱ्या दराने ४,७२०. येथे ३,५४० रुपये सरळ वाचतात. परंतु येथेही डोळे उघडे ठेवावे, कारण काही कमी शुल्काच्या कार्डांवर हा अधिभार मुळीच नसतो. पॉइंट जमताच लगेच वापरावेत, साठवू नयेत, असा सूनबाईंचा नियम आहे. मला तो पटला. धान्याला कीड लागते तशी पॉइंटांनाही लागते.

ताईची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. मी तिला माझी गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली की तिकडेही हेच चालले आहे. चेस बँकेचे सफायर रिझर्व्ह कार्ड २०१६ साली निघाले, तेव्हा त्याचे वार्षिक शुल्क ४५० डॉलर होते. २०२० साली ते ५५० झाले, २०२५ साली ७९५. अमेरिकन एक्स्प्रेसचे प्लॅटिनम २०२१ साली ६९५ वर गेले आणि २०२५ साली ८९५ वर. एका डॉलरच्या फरकाने सुरू झालेली गोष्ट कोठे पोहोचली, पाहा. शुल्क वाढले की सोबत सवलतींची यादीही लांबते: हे हॉटेल, ते उपाहारगृह, अमुक सहामाहीत इतके, तमुक महिन्यात तितके. भाची म्हणते, "मावशी, मी यादीतली एकच रक्कम धरते. प्रवासखर्चाचे तीनशे डॉलर परत मिळतात, ती. ते मी एरवीही खर्च केलेच असते. बाकीच्या सवलती वापरायच्या तर मला त्यांच्या मागे धावावे लागते." २०२१ साली कॅपिटल वन बँकेने व्हेंचर एक्स हे कार्ड ३९५ डॉलर शुल्काने काढले. त्यात त्यांच्याच संकेतस्थळावरून केलेल्या प्रवासाचे तीनशे डॉलर आणि दर वर्षी दहा हजार मैल देऊ केले होते. भाचीने वहीत दोन्ही मांडून स्वस्त कार्ड निवडले. वहीची सवय आमच्या घरात बहुधा ग्वाल्हेरपासूनची असावी.

आणखी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण माझी चूक त्यांच्यापुढे लहान आहे. पहिली व्याजाची. बिल पूर्ण भरले तर सुमारे दीड महिन्यापर्यंत बिनव्याजी पैसा वापरता येतो. पूर्ण न भरता 'किमान रक्कम' भरली, तर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीलाही सवलतीचे दिवस उरत नाहीत. महिना साडेतीन टक्के धरला तर पन्नास हजारांवर महिन्याला १,७५० रुपये व्याज आणि त्यावर ३१५ रुपये जीएसटी. वर्षाकाठी तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे येथे आपला सांभाळ आपणच करावयाचा. हे पॉइंट काही आकाशातून पडत नाहीत. काही दुकानदाराने बँकेला दिलेल्या दलालीतून येतात, काही आपल्याच शुल्कातून, आणि काही अशा गृहस्थाच्या व्याजातून, ज्याला या महिन्यात बिल पूर्ण भरता आलेले नाही. तो गृहस्थ आपण होऊ नये.

दुसरी गोष्ट हक्काची. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये घालून दिलेल्या निर्देशांनुसार मागणी नसताना कार्ड देणे बँकांना मना आहे. कार्ड बंद करण्याचा अर्ज केल्यावर, बाकी काही देणे नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. न केल्यास दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. पुष्कळ लोक नको असलेले कार्ड केवळ "बंद कसे करायचे, किती खटपट" म्हणून ठेवतात आणि शुल्क भरत राहतात. मी अर्ज केला, पाचव्या दिवशी कार्ड बंद झाले. त्या तरुण अधिकाऱ्याने कारण विचारले. मी म्हटले, "कार्ड चांगले होते, माझा प्रवास त्याच्या मापाचा नव्हता." तो बिचारा आपले काम करीत होता.

आता आमच्याकडे साधे, हजार रुपये शुल्काचे कार्ड आहे. रेल्वेची तिकिटे, औषधे आणि विजेचे बिल त्यावर भरते आणि बिल आले की त्याच दिवशी चुकते करते. वहीत मात्र मी एक नवे पान घातले आहे. त्याचे नाव 'ताई'. दर महिन्याला त्या पानावर अडीच हजार रुपये बाजूला काढते. वर्षाचे तीस हजार होतात. म्हणजे त्या पहिल्या दिवाळीच्या तिकिटांएवढे, किंवा त्या कार्डाच्या दोन वर्षांच्या शुल्काएवढे. त्यांतून दर चार महिन्यांनी आम्ही बंगळूरला जातो. बहुधा गाडीनेच जातो. डब्यात पोळ्या-भाजी असते आणि ह्यांना खिडकीजवळची जागा लागते.

ताई आता मला बहुतेक वेळा आई समजते. मी तिची वेणी घालते, ती मला ग्वाल्हेरच्या घरातल्या धाकटीच्या खोड्या सांगते. त्यांतल्या पुष्कळशा मला ठाऊक नव्हत्या. पुढच्या खेपेची तिकिटे काल काढली. वाचकहो, आपल्याही घरी असे एखादे जाणे राहिले असेल, तर कार्ड कोणते घ्यावे याचा विचार नंतर सवडीने करावा. आधी तिकीट काढावे.